सकाळचा समेट

आमच्या भागात पोळ्याच्या दिवसांत माणसापेक्षा बैल असलेलं बरं. आदल्या सांजेला त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, उद्या जेवायला या म्हणून रीतसर आवतण देतात. पोळ्याला अंगावर झूल, डोक्याला बाशिंग, पुढ्यात पुरणपोळी, आणि जू नाही. बैलाचं हे सगळं आटोपलं की दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात माणसांचा नंबर लागतो. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर गोटे.

गोटमार बाहेरच्याला समजावणं मोठं कठीण. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा करतात. पांढुर्ण्याच्या पोट्ट्यांनी गोट्यांच्या पावसातून जाऊन ते कुऱ्हाडीनं तोडायचं आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. सावरगावच्यांनी त्यांना जाऊ द्यायचं नाही. दर वर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. त्याच दिवशी तिकडे नागपुरात मारबत निघते. लोक वर्षभराचा सगळा राग पुतळ्यांवर काढतात आणि पुतळे जाळून घरी जातात. आमच्याकडे पुतळ्यांचा खर्च वाचवला आहे.

मी सौंसरचा. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला तेव्हा आमचा तालुका त्यात गेला, आणि गोटमार आपसूक आमच्या जिल्ह्याची झाली. तोवर ती ‘त्यांची’ होती. त्यांच्या गोष्टीबद्दल तत्त्वनिष्ठ असायला कष्ट पडत नाहीत.  माझं मतही ताठ होतं: कुणाला इजा करू नये, आणि इजा होत असताना बघत बसू नये. पहिला अर्धा भाग मी आजवर सहज पाळला, कारण माझा नेम लहानपणापासून वाईट. पंचाईत दुसऱ्या अर्ध्याची. आत्याबाईचं घर सावरगावात, आणि तिच्या स्लॅबवरून नदी स्वच्छ दिसते.

त्या स्लॅबवर दर वर्षी मोठी सभा भरते. चहा येतो, चिवडा येतो, आणि ‘हे बंद व्हायला पाहिजे’ हा ठराव एकमताने पास होतो. तेवढ्यात खालून ओरडा होतो आणि ठराव मांडणाराच सगळ्यांच्या आधी कठड्याशी पोचतो. ‘झाडाजवळ पोचले काय?’ त्याच्या आवाजात काळजी असते, पण कोणाची, ते सांगता येत नाही. मला वाटतं, नदीतली माणसं फार तर हजारांत; काठावर, पुलावर, छपरांवर बघायला कोणी नसेल तर त्यातले किती जण दुपारपर्यंत टिकतील? बघणारा म्हणतो, मी तर गोटा मारला नाही. मारणारा म्हणतो, एवढी माणसं बघायला आली आहेत, म्हणजे काही वाईट नसणार.

सरकारची अडचण तर आमच्याहून अवघड. ते जमावबंदी लावतं. पूर्वी कलम 144 होतं, जुलै 2024 पासून त्याचं 163 झालं. गोट्याला दोन्ही सारखीच. आणि तेच सरकार नदीकाठी डॉक्टर बसवतं, अँब्युलन्स उभ्या करतं, पट्ट्या-टाके तयार ठेवतं. मनाई करायची आणि मलमपट्टीही मांडायची, म्हणून लोक हसतात. मी हसत नाही. जे थांबवता येत नाही त्यात निदान रक्त तरी थांबवावं, हे तत्त्व माझ्या ठरावापेक्षा जास्त कामाचं आहे. मधे रबरी चेंडू वाटण्याचाही प्रयोग झाला. पोट्ट्यांनी चेंडू बाजूला ठेवले आणि गोटे उचलले. गोफणीला मात्र सक्त बंदी. म्हणजे हातानं मारला तर परंपरा, गोफणीतून मारला तर गुन्हा. नीतीच्या पुस्तकात इतकी बारीक रेघ मी कुठे वाचलेली नाही.

बैलाचं काम कायद्यातही सोपं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यती थांबवल्या. मग राज्यांनी कायदे बदलले आणि मे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं ते मान्य केले. निकाल काही लागो, बैलाला काय वाटत असेल यावर देशातले मोठमोठे वकील वर्षानुवर्षं बोलले. पांढुर्ण्याच्या पोट्ट्याबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात: तो आपल्या मर्जीनं जातो. जातो खरा. पण त्या मर्जीत थोडी दारू असते, थोडा मागच्या वर्षीचा टाका असतो, आणि बरीचशी ‘घरीच बसतो काय बे?’ ही मित्राची हाक असते. एवढं वजा करून जी उरते, तिला मर्जी म्हणायला माझी हरकत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रेमकथा सांगतात. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली. नदी ओलांडताना मुलीकडच्यांनी गोटे मारले, मुलाकडचे मदतीला धावले, आणि दोघं मधल्या पाण्यातच गेली. मग दोन्ही गावांना लाज वाटली, त्यांना चंडीमातेपाशी नेलं, पूजा केली. ही कथा आमच्याकडे फार अभिमानानं सांगतात. सांगणाऱ्याचे डोळेही भरतात. याच सांगणाऱ्याला विचारावं, भाऊ, तुमची पोरगी उद्या नदीपलीकडच्या दुसऱ्या जातीच्या पोरासोबत निघाली तर? भाऊ विषय संत्र्यावर नेतात. यंदा आंबिया बहाराची गळ फार आहे म्हणतात. ते खरंही असतं. पण दंतकथेतल्या पोरीसाठी जो माणूस रडतो तो स्वतःच्या पोरीचा मोबाईल काढून घेतो, आणि दोन्ही करताना त्याला आपण एकच माणूस आहोत असं वाटतं, याचं मला नवल आहे. कथेत पोरीचं नाव नाही. पोराचंही नाही. ही सोय मोठी आहे. नाव असतं तर जात विचारावी लागली असती.

आता तर दोन्ही काठांमध्ये रीतसर सोयरिकी होतात. आत्याबाईची लेक पांढुर्ण्यात दिलेली. त्यामुळे एका वर्षी जावई त्या काठाला आणि साळा या काठाला. जावयाला गोटा मारावा का, हा प्रश्न घरात आदल्या रात्री निघाला. पोळ्याला ज्याला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली, त्याच्यावर सकाळी नेम कसा धरायचा? साळा म्हणाला, मी भाऊजीच्या दिशेनं फेकणारच नाही. तो पाळण्यासारखाच नियम होता. फक्त त्या गर्दीत प्रत्येकजण कोणाचा तरी भाऊजी असतो, एवढंच त्याच्या हिशेबात नव्हतं.

आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट संध्याकाळची. झाड पडलं तर ठीक. नाही पडलं, तर दिवस कलताना दोन्हीकडची जाणती माणसं बोलतात, संमतीनं झाड काढतात आणि झेंडा दोघं मिळून देवीकडे नेतात. कुणाचं नाक कापलं जात नाही. देवीही रागावत नाही. म्हणजे समेटाची रीत परंपरेतच आहे, बाहेरून आणायला नको. मग माझ्या मनात आलं, जो समेट सहा वाजता होतो तो सकाळी नऊलाच केला तर? पूजा तीच, झाड तेच, झेंडा तोच, देवीही तीच. मला हा विचार इतका निर्दोष वाटला की मी तो स्लॅबवर सर्वांसमोर मांडला.

आत्याबाईनं चिवड्याचं ताट माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, “अन् मंग दिवसभर कराचं काय, बापा?”