रात्र वाचली!

लग्नात बायकोबरोबर एक साडूही पदरात पडतो, हे पत्रिका जुळवणारे गुरुजी कधी सांगत नाहीत. आमचे साडू सहली आखतात. एवढ्यावरच ज्यांना घाम फुटला असेल, त्यांच्या घरात असा एक इसम आहेच. ज्यांना फुटला नाही, त्यांनी घरच्यांना विचारून घ्यावं. तो इसम बहुधा तेच असतील.

यंदा नाताळच्या सुट्टीत दिल्ली आणि जयपूर ठरलं. ठरलं म्हणजे साडूंचा फोन आला. एकच शहर घेऊ, निवांत बघू, असं मी चाचपून पाहिलं. ‘अहो, पुण्याहून वर जायचं भाडं एकदाच पडणार. ते एकाच शहरावर टाकलं तर ते शहर महाग पडतं. दोघांवर वाटलं की प्रत्येकी निम्मं.’ या न्यायानं मध्ये आग्रा घुसवलं असतं तर ताजमहाल जवळजवळ फुकटात पडला असता. पण हे त्यांना सुचू नये म्हणून मी लगेच हवापाण्याकडे वळलो.

तसं भाडं, तिकिटं, जेवण हे सगळं त्यांच्या लेखी किरकोळ. साडूंची खरी साधना एकच: रात्र वाचवणे. हॉटेलात रात्र काढणं म्हणजे अंधाराचे पैसे मोजणं, असं त्यांचं स्वच्छ मत आहे. ‘झोपल्यावर खोली दिसते का? नाही ना? मग?’ म्हणून रात्री गाडीत असायचं आणि दिवसा गावात. सहलीहून परतल्यावर लोक काय काय पाहिलं ते सांगतात. साडू किती रात्री वाचल्या ते सांगतात. एकदा तर ते पुण्याहून महाबळेश्वरला रात्रीच्या एसटीनं गेले होते. उतरले तेव्हा कुत्रीसुद्धा झोपलेली होती. पण सूर्योदय बघायला पहिला नंबर यांचा, आणि वर ‘रात्र वाचली!’

आता गोम अशी, की दिल्ली आणि जयपूर ही दोन शहरं रात्र वाचवायला अगदीच कुचकामी आहेत. मधलं अंतर रेल्वेनं जेमतेम तीनशे किलोमीटर. सकाळची शताब्दी साडेचार तासांत नेऊन सोडते, वंदे भारत तर त्याहून घाईत. सगळं जग वेगवान गाडी शोधत असताना साडू मोबाइलवर बोट फिरवत सगळ्यांत रेंगाळणारी गाडी शोधत होते. शताब्दीविषयी ते असं बोलत, जणू व्याह्यांनी चहा पाजून जेवायच्या आधीच वाटेला लावलं: ‘बूड टेकतं न टेकतं तोच उतरा म्हणतात.’ शेवटी रात्री अकराच्या पुढे सुटून पहाटे पाचला जयपूर गाठणारी एक गाडी सापडली. पहाटे पाचपासून दुपारी बाराला खोली ताब्यात मिळेपर्यंत सात माणसांनी काय करायचं, असं मी विचारलं. त्यांच्या दृष्टीनं तो प्रश्न दिवसाच्या खात्यातला होता.

बाकी आखणी मात्र बिनतोड. सोमवारी लाल किल्ला बंद, म्हणून सोमवार जयपूरच्या वाट्याला. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि त्यांची थोरली चौदा वर्षांची. तेव्हा ही सहल पुढच्या वर्षावर ढकलणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. धाकटा अकराचा. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर २०१६पासून पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं. साडूंनी अर्थातच नको म्हटलं. धाकट्याची उंची बापाच्या कानाला लागली आहे, हे रेल्वेच्या नियमात कुठे बसत नाही. त्यामुळे पुण्यापासून दिल्लीपर्यंत ताईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, बर्थवरून दोन पाय बाहेर लोंबत होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक चहावाला त्यांना वळसा घालत होता.

दिल्लीत जंतरमंतर आम्ही फाटकाबाहेरून पाहिलं. ‘हे १७२४चं. बांधणारा तोच, सवाई जयसिंग. यानं अशा पाच वेधशाळा बांधल्या. जयपूरची त्यातली सगळ्यांत मोठी आणि ती एकत्रित तिकिटात आहे. मग इथे वेगळे पैसे कशाला?’ कमळमंदिर, राजघाट, युद्धस्मारक मात्र आतून आणि सावकाश, कारण तिथे तिकीट नसतं. जयपूरचं ते एकत्रित तिकीट त्यांनी आधीच तोंडपाठ केलं होतं: आमेर, नाहरगड, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल आणि आणखी दोन-तीन ठिकाणं, मुदत दोन दिवस. सिटी पॅलेस त्यात नाही. त्याबद्दल बायकोनं विचारलं तेव्हा साडू गंभीर झाले. ‘अहो, तिथे अजून राजघराणं राहतं. लोकांच्या घरात असं बोलावल्याशिवाय जाऊ नये.’

दिल्ली सोडायच्या रात्री धुकं उतरलं. उत्तरेतलं डिसेंबरचं धुकं म्हणजे प्लॅटफॉर्मवर उभं राहून इंजिनाचा दिवा दिसत नाही, नुसता भोंगा ऐकू येतो. अकराची गाडी एक वाजता येईल, अडीचला येईल, अशा घोषणा होत राहिल्या. आम्ही वर्तमानपत्रं अंथरली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. साडूंनी सगळ्या बॅगा एका साखळीत ओवून तिला कुलूप घातलं. पिशवीत सुटी कुलुपं आणखी होती, कारण बिनकुलपाची बॅग क्लोकरूमवाले घेत नाहीत. माझी बायको शालीत डोकं घालून गप्प बसली होती. तिचं ते गप्प बसणं मला ओळखू येतं. गाडी साडेतीनला आली आणि जयपूर उजाडून, चांगली उन्हं वर आल्यावर आलं. साडू उतरले ते हात चोळतच. ‘बघा! पाचला पोचलो असतो तर अंधारात बसावं लागलं असतं. धुक्यानं अख्खी रात्र वाचवली!’

वाचवलेल्या रात्री जातात कुठे, हे मला जयपुरात कळलं. त्या दिवसा निघतात. आमेरच्या दिवाण-ए-आममध्ये त्यांची थोरली खांबाला टेकून घोरत होती. हवामहलच्या ९५३ खिडक्यांपैकी एका खिडकीशी माझा मुलगा बाहेर बघतोय असं समजून मी कौतुकानं फोटो काढला. मोठा करून पाहिला तर डोळे मिटलेले. ताई म्हणाल्या, ‘यांनी लग्नापासून इतक्या रात्री वाचवल्या, त्या बँकेत टाकल्या असत्या तर आज व्याजावर झोपले असते.’

एकटे साडू टक्क जागे. जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र म्हणजे सत्तावीस मीटर उंचीचं दगडी सूर्यघड्याळ. त्याची सावली मिनिटाला वीतभर नव्हे, पण चांगली चार बोटं सरकते. साडूंनी संगमरवरी पट्टीवर पंजा ठेवला आणि सावली करंगळीवरून अंगठ्याकडे जाताना मन लावून बघितली. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. यंत्र जवळजवळ अर्धा तास मागे! गाइडनं समजावलं, की आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली; जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला, तिथे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. हे ऐकून दुसरा कोणी ‘वा’ म्हणाला असता. साडू घाईघाईनं मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘म्हणजे खरं तर आपल्याला अर्धा तास जास्त मिळालाय. अल्बर्ट हॉल आजच उरकू.’

या माणसाबद्दल चांगलं लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण दिल्लीतली एक गोष्ट मघाशी गाळली, ती सांगितली पाहिजे. एका दुपारी त्यांनी आम्हाला बंगला साहिब गुरुद्वारात लंगरला नेलं. मी मनात म्हटलं, आलं! सात जणांचं जेवण वाचलं. डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो, ओंजळ पसरून रोटी घेतली, पोटभर जेवलो. बाहेर आलो तर साडू गायब. पाहतो तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हे भांडी घासायच्या जागी उभे. मी म्हटलं, ‘सात ताटं केव्हाच झाली असतील, चला.’ ‘आपली मघाशीच झाली,’ ते मान वर न करता म्हणाले, ‘ही पुढच्या पंगतीची.’ त्यानंतर ते पाऊण तास हलले नाहीत.

आणि रात्रींचं म्हणाल, तर परतीच्या प्रवासात ताई सहज बोलून गेल्या: ‘यांना गाडीत झोप येत नाही. कधीच नाही. बसून राहतात, कोणाचं पांघरूण सरकलं तर नीट करतात.’ मी वरच्या बर्थवरून खाली पाहिलं. धाकट्याचे पाय बापाच्या मांडीवर होते आणि साडू निळ्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांजवळ वही धरून बेरीज करत होते.

ती बेरीज घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. ‘चहा, प्लॅटफॉर्म, धुक्यात: ७०’ इथपर्यंत सगळं होतं. बंगला साहिबच्या दानपेटीत त्यांनी पाचशेची नोट टाकलेली माझ्या मुलानं पाहिली होती. ती नोट मात्र त्यात कुठे दिसली नाही. मी विचारलं तर ‘चुकून राहिलं असेल’ म्हणाले. रुपयाच्या हिशेबासाठी रात्रभर जागणारा माणूस पाचशे विसरतो!

लगेच पुढचा विषय. उन्हाळ्यात हैदराबाद आणि चेन्नई. ‘काय सुंदर जोडी आहे हो! संध्याकाळी गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं. पूर्ण रात्र! दिल्ली-जयपूरसारखी तुटपुंजी नाही.’ मी नकार द्यायला तोंड उघडलं, पण पलीकडून बायकोनं ‘भावोजींना सांग, आपली तीन तिकिटं काढा’ म्हणून ओरडून सांगितलं होतं. निदान चेन्नईला खोली लगेच मिळेल ना, एवढंच मी विचारलं.

‘खोली कशाला?’ साडू म्हणाले. ‘तिथून तिरुपतीला रात्रीची बस आहे.’