जोर कुठे लावायचा?

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातली माणसं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी नंतर करतात, आधी विचारतात, "किती उघडले?" काय उघडले ते सांगावं लागत नाही. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे. आकडा कानावर पडला की टपरीवरचा प्रत्येक जण कार्यकारी अभियंता होतो आणि वैनगंगा उद्या कुठवर चढेल ते चहा संपायच्या आत सांगून टाकतो. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेल्या या धरणावर तेव्हापासून बोलायचं काही बाकी ठेवलेलं नाही. मात्र एवढं पाणी अडवून उभा असलेला दरवाजा वर उचलतात तरी कसा, हा प्रश्न टपरीवर निघत नाही.

10 मीटर खोलीवर पाणी चौरस मीटरमागे सुमारे 10 टनांनी रेटतं. मागे जलाशय किती लांब पसरलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, रेटा ठरतो खोलीवर. (लांबीचा रुबाब नकाशापुरता.) दरवाजा सपाट असता तर या रेट्याने तो बाजूच्या खाचांवर घट्ट दाबला गेला असता आणि उचलताना घर्षणाशीच झुंजावं लागलं असतं. म्हणून गोसीखुर्दचे दरवाजे वक्राकार आहेत, वर्तुळाचा तुकडा कापून घ्यावा तसे. पाण्याचा दाब पृष्ठभागाला नेहमी काटकोनात लागतो आणि वर्तुळाला काटकोनात काढलेली प्रत्येक रेघ मध्याकडेच जाते. त्या मध्यावर दरवाज्याच्या लोखंडी हातांची बिजागरी आहे. सगळा जोर बिजागरीतूनच गेला, तर दरवाजा त्याने ना उघडतो ना मिटतो. उचलणाऱ्या यंत्रणेच्या वाट्याला येतं ते दरवाज्याचं वजन आणि थोडंफार घर्षण.

खात्री करायची तर घरचं दार बिजागरीला चिकटून ढकलून बघा, आणि मग कडीजवळ एका बोटाने. सरकारी कचेरीत हा प्रयोग करू नये. तिथे बिजागरी कुठल्या टेबलावर आहे हेच कळत नाही.

तुमसरकडच्या राइस मिलमध्ये याहून मजेशीर प्रकार चालतो. धान सोलायला दोन रबरी रोलर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरतात, पण एकाचा वेग मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. एक दाण्याला पुढे ओढतो, दुसरा रेंगाळतो आणि या ओढाताणीत तूस सुटतं. रोलरमधलं अंतर कमी झालं तर कणी होते, वाढलं तर धान आल्या पावली पलीकडे जातं. मिलवाला तळहातावर दाणे घेऊन बघतो आणि अंतर जुळवतो. नवराबायकोने नेहमी एका चालीने चालावं असं सांगणाऱ्यांनी तिथे एक दुपार काढावी.

लाखनीजवळच्या गडेगावात अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. तिथला हिशेब रोखठोक. 20 दात्यांच्या चाकाने 60 दात्यांचं चाक फिरवलं की वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि फिरवण्याचा जोर जवळजवळ तिप्पट होतो. जवळजवळ अशासाठी, की घर्षण आपली दलाली कापून घेतं. तेव्हा घाटात भरलेल्या ट्रकमागे अडकलात तर हॉर्न वाजवू नका. वेग देऊनच त्याने जोर घेतलाय.