आधी नारळ, मग जाळं

“वहिनी, जरा कुंपणापाशी या हो. काल रात्री तुमच्याकडे आवाज कसला चढला होता?”

“काय सांगू काकू! आमच्या धाकट्याचं गाणं. नारळी पौर्णिमेवर कोळीगीत केलंय त्याने. चाल त्याची, शब्द मित्राचे, शूटिंग मोबाइलवर, अन् नाचायला घरचीच चुलत-मावस भावंडं. चार मिनिटांचा व्हिडिओ. सगळ्यांना बसवून दाखवला.”

“मग? आवडला की नाही?”

“सगळे म्हणाले, छान. दुबईहून माझ्या भावाने अंगठा पाठवला.”

“कधी?”

“पाठवला आणि मिनिटाच्या आत.”

“चार मिनिटांचं गाणं मिनिटात पाहिलं? म्हणजे झाकण न उघडताच कालवण चविष्ट! बरं, पुढे?”

“पुढे मासळीवाल्या मावशी. त्यांनी मात्र शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, गानं बेस हाय, पन पयल्या कडव्यात पोरं जालं टाकतान, नि नारल सोरतान शेवटाला. असं कुठं असतं? 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या. पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, त्याच्या कृपेने सुरुवात करायची. आधी नारळ, मग जाळं. शिवाय पोरींच्या मागे बोंबील वाळत घातलेले. भर श्रावणात बोंबील वाळवतं कोण?”

“आता गं बया! हे आपल्या कुणाच्या लक्षात नाही आलं.”

“शूटिंग मे महिन्यात उरकलं ना! पण चारचौघांत बोलायचं का हो असं? पोराचं तोंड एवढंसं झालं. मग तोही सुरू, मावशी, हे प्रतीकात्मक आहे, हे कलात्मक आहे. आवाज चढला तो तिथे.”

“मावशींनी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, हे खरं. पण त्याने वाद कशाला घालायचा? जो कोळीवाड्यात हा व्हिडिओ बघेल तो मनात हेच म्हणणार. हा काय प्रत्येकाच्या घरी जाऊन प्रतीक समजावणार आहे? ऐकायचं, वहीत टिपायचं, काय ठेवायचं अन् काय सोडायचं ते नंतर निवांत ठरवायचं. आणि एक सांगू? रागावू नका. ह्यांनीही पाहिला व्हिडिओ. यांना ओठ खुपले.”

“ओठ?”

“दुसऱ्या कडव्यात गाणं पुढे अन् ओठ मागे. हे पूर्वी मांडवात लाउडस्पीकर लावायचे, त्यांच्या कानातून सुटत नाही. स्पीकर कुठे ठेवला होता?”

“जेट्टीवर, मोबाइलच्या शेजारी. पोरं होडीत. सत्तरेक मीटर असतील.”

“तेच तर! हे म्हणाले, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. सत्तर मीटर म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. पोरांना गाणंच तेवढं उशिरा ऐकू आलं. मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम घेत असेल तर ओठ सहा फ्रेम मागे पडले. एडिटिंग करताना तेवढा तुकडा सहा फ्रेम अलीकडे ओढायचा, की बसलं. शांतारामबापूंच्या ‘अयोध्येचा राजा’त, 1932 साली, हा घोळच नव्हता. प्लेबॅक आलंच नव्हतं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, हरिश्चंद्रही तेच, अन् कॅमेऱ्यासमोर गाणारेही तेच.”

“अगंबाई! मग तुमचंही काही असेलच. सांगून टाका.”

“माझं एवढंच. ढोलकीखाली शब्द बुडतात. तुम्हाला कळतात, कारण महिनाभर घरात तेच चाललंय. ज्याने गाणं कधी ऐकलं नाही अशा कुणाला तरी ऐकवा अन् शब्द लिहायला सांगा. माझी नात बसेल. तिने कोरी सोडलेली जागा म्हणजे ढोलकी कमी करायची जागा.”

“आणि मला वाटत होतं, सगळ्यांना आवडलं म्हणजे संपलं!”

“आवडलं ते कुठलं? ‘छान’ म्हणणाऱ्यांपैकी एकाने तरी सांगितलं का?”

“नाही. हां, मावशींनीच सांगितलं. आजी टाळ्या वाजवता वाजवता हसते ना, तो तुकडा त्यांना फार आवडला. पोरगा तर लांबतंय म्हणून तोच काढणार होता!”

“बघा! चूक सांगताना जागा सांगावी, तशी कौतुक करतानाही सांगावी. नाहीतर पोरगं नेमकं चांगलं तेच कापून टाकतं. असं करा. उद्या मावशी मासळी घेऊन आल्या की त्याला वहीसकट दारात उभा करा. प्रश्न त्याने विचारायचे, उत्तरं मावशींनी द्यायची, मध्ये ‘पण’ म्हणायचं नाही. नारळाचे आणि जाळ्याचे तुकडे त्याने अदलाबदल करावेत, बोंबील कापावेत, आजी ठेवावी.”

“ऐकेल का तो?”

“मावशींसाठी आधी चहा टाका, मग ऐकेल. आणि दुबईला भावाला कळवा, अंगठा परत घे. चार मिनिटं पूर्ण बघ, अन् कुठलं कडवं आवडलं, कुठे कंटाळा आला, एवढं दोन ओळीत लिहून पाठव. सख्ख्या मामाकडून भाच्याला एवढं तरी मिळायलाच हवं.”