मोदकांचं ताट

गणपतीत शेजारच्या काकूंकडून दरवर्षी मोदकांचं ताट येतं. यंदा ते आलं तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतले एक गृहस्थ घरी बसले होते. काकूंची पाठ वळली आणि ते म्हणाले, "नैवेद्याचे आहेत. खाऊ नका, कचऱ्यात टाका."

त्यांच्यासमोर मी मोदक खाल्ला नाही. ते गेल्यावर खाल्ला. या दोन्ही गोष्टी मी बायबलला धरूनच केल्या.

हा प्रश्न पहिल्या शतकातला आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांनी प्रेषित पौलाला हेच विचारलं होतं. तिथल्या बाजारातलं मांस बरेचदा देवळातल्या बळीचं असायचं. खावं की टाकावं? पौलाने पत्रातून उत्तर धाडलं. देवळातल्या पूजेच्या पंगतीला बसू नका. शेजाऱ्याने जेवायला बोलावलं, तर पानात पडेल ते चौकशी न करता खा. आणि त्या घासाने सोबतच्या कुणाचं मन अडखळत असेल, तर त्याच्याखातर तो घास सोडा. शेजाऱ्याचं अन्न कचऱ्यात टाका, असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही.

सहिष्णुतेचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: सगळे धर्म सारखेच. मला ते मान्य नाही. येशू ख्रिस्त हाच मार्ग, असं मी मानतो. काकू मानत नाहीत. बाप्पा विघ्नं हरतो, असं त्या मानतात. मी मानत नाही. दोघांपैकी कुणीही आपली श्रद्धा पातळ करायची गरज नाही. सगळं सारखंच असतं, तर सहन करायला उरलं काय असतं? जिथे पटत नाही, तिथूनच सहिष्णुता सुरू होते.

येशूने ती करून दाखवली. यहुदी आणि शोमरोनी यांचं धर्मावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. यरुशलेमेला निघालेल्या येशूला एका शोमरोनी गावाने थारा दिला नाही. याकोब आणि योहान खवळले. आकाशातून अग्नी पाडून गाव जाळू का, असं त्यांनी विचारलं. येशूने दटावलं ते गावाला नव्हे, या दोघांना. मग सगळे दुसऱ्या गावाला निघून गेले. लूकच्या शुभवर्तमानात पुढच्याच अध्यायात, रस्त्यावर लुटून टाकलेल्या माणसाच्या जखमा बांधायला येशूने गोष्टीत कुणाला आणलं? एका शोमरोन्यालाच. नकार मिळाला तर आग मागायची नाही, आणि नकार देणाऱ्यांमधला चांगुलपणा लपवायचा नाही. परधर्मीयांशी कसं वागायचं, हे मला या दोन अध्यायांत कळलं.

आमच्याच लोकांनी ते पायदळी तुडवलं. सोळाव्या शतकात गोव्यात देवळं पाडली. 1560 मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय, मधली थोडी वर्षं सोडली तर, 1812 पर्यंत टिकलं. 1736 च्या फर्मानाने बाटलेल्या कुटुंबांच्या जुन्या रीतीभाती मना केल्या. अंगणातली तुळससुद्धा सुटली नाही. 'ते पोर्तुगिजांनी केलं, आमचा काय संबंध?' असं म्हणणारे भेटतात. संबंध आहे. ते क्रूस हातात घेऊन केलं गेलं. क्रूस आमचा, तर ती लाजही आमची.

साधी माणसं मात्र फर्मानांपेक्षा शहाणी निघाली. म्हापशाची मिलाग्र सायबीण, म्हणजे मारिया माउली, आणि शिरगावची लईराई देवी या सख्ख्या बहिणी, असं गोंयकार मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल वाहतात. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत दर सप्टेंबरला मेणाचे हात, पाय, घरं घेऊन उभ्या असलेल्या रांगेत हिंदूही असतात.

रोमला हे कागदावर आणायला 1965 साल उजाडलं. 28 ऑक्टोबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र 2221 विरुद्ध 88 मतांनी स्वीकारलं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते चर्च नाकारत नाही, असं त्यात मान्य केलं. 7 डिसेंबरला धर्मस्वातंत्र्याचं घोषणापत्र आलं: श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजबरी नको. मी प्रोटेस्टंट आहे, तरी ही दोन्ही घोषणापत्रं मला माझी वाटतात.

मग सुवार्ता सांगायचीच नाही का? सांगायची. राज्यघटनेच्या कलम 25 ने तो हक्क दिला आहे. प्रार्थनासभेत जमाव घुसतो, तेव्हा आम्ही याच कलमाचा आधार घेतो, आणि घेतलाच पाहिजे. पण ते कलम काकूंच्या गणपतीचंही आहे. शिवाय सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. दुसऱ्याच्या देवाला शिवी देऊन जिची सुरुवात होते, ती चांगली बातमी कशी?

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. पलीकडे पोचल्यावर तो पूल त्यांनी मोडला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. मधली पाच वर्षं नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू. ज्याला सत्य गवसल्याची खात्री असते, त्याला वाट पाहता येते. घाई आणि जबरदस्ती त्याला सुचते, ज्याचा आपल्या देवावर पुरता भरवसा नसतो.

आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. काकूंचं ताट नाताळात परत जातं, करंज्या आणि केक घेऊन. काकू मार्गशीर्षातले गुरुवार धरतात, म्हणून केक बिनअंड्याचा करायचा आणि गुरुवार टाळून न्यायचा. अंडं मला चालतं. पण त्या ताटापुरता प्रश्न मला काय चालतं हा नसतो. पौलाने करिंथकरांना दिलेल्या उत्तराचा मला लागलेला अर्थ एवढाच.