फायनलवरचे कॅप्टन

नेरूळ-सीवूड्समध्ये कॅप्टन लोकांना तोटा नाही. करावे गावालगत टी. एस. चाणक्य ही जहाजावरचे अधिकारी घडवणारी संस्था आहे, आणि आसपासच्या सोसायट्यांत मर्चंट नेव्हीतला एखादा कॅप्टन निघतोच : सहा महिने समुद्रावर, सहा महिने पार्किंगच्या भांडणात. आमच्या सिडको बिल्डिंगमधले कॅप्टन मात्र त्यांतले नव्हेत. ते विमानाचे. त्यांचं सेस्ना १७२ बेडरूममध्ये, कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या टेबलावर उभं असतं. ते सुरू झालं की पंख्याचा घरघराट आमच्या भिंतीतून ऐकू येतो. सेस्नाचा नव्हे, कॉम्प्युटरच्या पंख्याचा.

उभी हयात त्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली. प्रेशर गेज, कंट्रोल व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर. सगळ्यांचे काटे शून्यावर आणायचे हे काम. अशा माणसाला निवृत्त केलं तरी त्याचा हात निवृत्त होत नाही. पहिलं वर्ष त्यांनी घरातल्या काट्यांवर काढलं. गीझरचा थर्मोस्टॅट, भिंतीवरचं घड्याळ, वहिनींचा वजनकाटा. वजनकाटा त्यांनी दुरुस्त केल्यावर तो दोन किलो जास्त दाखवू लागला, आणि तिथे घरातली दुरुस्ती थांबली. मग पुतण्याने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर आला आणि त्याच्यावर फ्लाइटगिअर आलं. जगभरच्या हौशी लोकांनी १९९७ पासून फुकट चालवलेलं हे सिम्युलेटर. फुकट म्हटल्यावर कॅप्टनांनी विमानविद्येत पाऊल टाकलं.

पहिली अडचण महापुराची. हे सिम्युलेटर जमीन आधीपासून साठवून ठेवत नाही. विमान पुढे जाईल तसतसे खालचे तुकडे इंटरनेटवरून उतरवत जातं. जो तुकडा आला नाही तिथे समुद्र दाखवतं. आमच्याकडचं इंटरनेट संध्याकाळी सातनंतर मान टाकतं. त्यामुळे कॅप्टन सांताक्रूझहून उडाले की ठाण्याची खाडी ओलांडेपर्यंत ठीक असायचं, पुढे सगळं निळं. "पनवेल गेलं," आतून आवाज यायचा. "कर्जत गेलं. आता पुणं उरलंय का बघतो."

"अहो, माझी बहीण पनवेलला राहते. तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नका," वहिनी म्हणायच्या.

पूर ओसरला तर विमान डावीकडे पळायला लागलं. थ्रॉटल पुढे ढकलला की सेस्ना धावपट्टी सोडून गवतात. असल्या वेळी सामान्य माणूस खेळ बंद करून बातम्या लावतो. कॅप्टनांचा चेहरा खुलला. त्यांनी जॉयस्टिक उघडली, आतले पोटेंशिओमीटर स्प्रे मारून साफ केले, कॅलिब्रेशन केलं, डेड झोन वाढवला, म्हणजे मधोमध दांडा थोडा हलला तरी विमानाला कळू नये. विमान डावीकडेच. लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरी जॉयस्टिक आणली. तीही डावीकडे. शेवटी उलगडा झाला तो असा की दोष कशातच नव्हता. पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर उजवीकडे फिरतो, त्याचा झोत विमानाभोवती पिळे घालत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखाला डावीकडून लागतो. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. खरं सेस्नाही असंच वागतं. खऱ्या वैमानिकाचा उजवा पाय उड्डाणाच्या वेळी म्हणूनच रडरवर असतो. महिनाभर कॅप्टन जे दुरुस्त करत होते ते निसर्गनियम होते.

उजव्या पायाला काम हवं म्हणून वहिनींच्या शिवणयंत्राचा पायटा टेबलाखाली गेला. त्याला पोटेंशिओमीटर जोडला आणि रडर झाला. बिल्डिंगमधल्या फॉल-पिकोची कामं त्या दिवसापासून सेक्टरच्या मार्केटमध्ये जातात.

पण रडर, ट्रिम, फ्लॅप हे सगळं फुटकळ. कॅप्टनांचं खरं दैवत म्हणजे फ्रेम. पडद्यावर सेकंदाला किती चित्रं येतात त्यावर विमान हातात राहतं की नाही हे ठरतं. चित्रं कमी पडली की तुम्ही दांडा आत्ता ओढता आणि नाक मग वर येतं. तुम्ही घाबरून आणखी ओढता, नाक आणखी वर जातं, आणि मग दोघं मिळून खाली येता. यावरचं त्यांचं मत मला पटतं. सेकंदाला साठ फ्रेम येऊन मध्येच वीसवर कोसळण्यापेक्षा तीसवर बांधून ठेवलेल्या बऱ्या, हात त्यांना सरावतो. त्यासाठी त्यांनी काय काय त्यागलं! आधी सावल्या काढल्या, कारण सगळ्यात जास्त खातात त्याच. मग ढग पातळ केले. मग झाडं तोडली. प्रत्येक बदलाची नोंद कारखान्यातल्या शिस्तीने लॉगबुकात : तारीख, काय बदललं, आधीच्या फ्रेम, नंतरच्या फ्रेम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा दंडक. मी ते लॉगबुक चाळलंय. जाडजूड आहे. त्यात उड्डाणाची नोंद एकही नाही.

मधे एकदा त्यांनी एक्स-प्लेनही बसवून पाहिलं. त्याची एक गंमत आहे : फ्रेम विसाच्या आसपास खाली गेल्या की ते विमानाला धक्के देत बसत नाही, काळालाच सावकाश करतं. पडद्यावरचं एक मिनिट बाहेरच्या दीड मिनिटाचं होतं. जुहूहून पुण्याला निघालेले कॅप्टन खंडाळ्याच्या घाटावर असताना गॅसवरचं दूध उतू गेलं, त्याचं कारण हे. "माझ्या घड्याळात चारच मिनिटं झाली होती," असं त्यांनी शपथेवर सांगितलं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं.

घरात त्यांनी आणलेला सगळ्यात घातक नियम मात्र सॉफ्टवेअरमधला नाही, खऱ्या विमानकंपन्यांमधला आहे. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही. प्रवासी विमानाला हा नियम पहिली आणि शेवटची काही मिनिटंच जाचतो. सेस्ना १७२ दहा हजारांवर क्वचित जातं. म्हणजे कॅप्टन खुर्चीत बसले की उठेपर्यंत वहिनींनी बोलायचंच नाही.

"अहो, जेवायला येताय ना?"

"फायनलवर आहे!"

धावपट्टीच्या सरळ रेषेत येऊन उतरायला निघालेलं विमान म्हणजे फायनलवर. भाजीवाला आला, फायनल. गॅस सिलिंडर आला, फायनल. सोसायटीची वर्गणी मागायला सेक्रेटरी आले की तर नक्कीच फायनल. माणूस इतका वेळ फायनलवर असतो, पण उतरल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही.

दर १५ ऑक्टोबरला त्यांचं व्रत असतं. १९३२ साली त्या तारखेला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, एका इंजिनाच्या पस मॉथमध्ये. कॅप्टन तोच मार्ग सेस्नाने करतात. अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसतात. टाटा सकाळी निघून दुपारी पोचले. कॅप्टन दरवर्षी अहमदाबादेपर्यंत जातात. तिथे कधी कॉम्प्युटर हँग होतो, कधी लाइट जाते आणि यूपीएस दोन मिनिटं शिट्टी वाजवून प्राण सोडतो. टाटांच्या टपालाच्या थैल्या आमच्या बिल्डिंगच्या हिशोबाने अजून गुजरातेत आहेत.

नवी मुंबई विमानतळाचं काम सुरू झालं तेव्हा त्यांना वाटलं, आता घरचं मैदान. नकाशावरून धावपट्टीची दोन्ही टोकं काढली, ३,७०० मीटरची रेघ मारली, खाडीवरून रुबाबात वळून त्या रेषेत आले आणि डोंगरावर आदळले. सिम्युलेटरमध्ये उलव्याची टेकडी होती तिथेच होती. या जमिनीचे चढउतार फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने रडारने मोजलेले. तोच पृथ्वीचा नकाशा अशी फुकट सिम्युलेटरं अजून वापरतात. प्रत्यक्षात सिडकोने सुमारे नव्वद मीटरची ती टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, हजारो घरं हलवली. हलवल्या गेलेल्या गावांतल्या माणसांना कॅप्टनांचा हा नकाशा दाखवावा असं मला कधीकधी वाटतं. त्यांची टेकडी अजून शाबूत असलेली ती एक जागा आहे. कॅप्टनांना असल्या विचारांना फुरसत नव्हती. सिडकोने डोंगर दारू लावून फोडला, ते रोज संध्याकाळी सेस्नाने फोडत होते.

मग गेल्या वर्षी मुलाने घात केला. वडिलांची दया येऊन त्याने बंगळुरूहून नवाकोरा कॉम्प्युटर पाठवला, भारी ग्राफिक्स कार्डासकट, मायक्रोसॉफ्टचं २०२४ चं सिम्युलेटर भरून. चालू केला आणि चालला. सावल्या परत आल्या, झाडं उगवली, पनवेल कोरडं. वरच्या मजल्यावरचा सातवीतला पोरगा आला, व्हिडिओ गेमचं पॅड लावून त्याने पहिल्या फटक्यात एअरबस सांताक्रूझला उतरवली आणि म्हणाला, "आजोबा, सोपंय." कॅप्टन काही बोलले नाहीत. आठवडाभर ते खाली बाकावर येऊन बसायचे, पेपर वाचायचे, पाण्याच्या टाकीच्या फ्लोटबद्दल चौकशी करायचे. वहिनी घाबरल्या. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "सगळं ठीक चाललंय हो." एखादा दुःखाची बातमी देतो त्या सुरात.

नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुटू लागली. मुलाने आईबाबांना गोव्याची तिकिटं काढून दिली. वहिनी सांगत होत्या, विमान धावायला लागलं तसा यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली दाबला गेला तो मोप्याला उतरेपर्यंत तसाच. ढगात विमान हाललं तेव्हा शेजारच्या बाईंना ते म्हणाले, "फ्रेम पडतायत." दहा हजार फुटांखाली स्वतः वहिनींशी बोलले नाहीत आणि मागे गाणी म्हणणाऱ्या एका ग्रुपलाही गप्प केलं.

गोव्याहून आले ते ताजेतवाने होऊन. त्या रात्री त्यांनी नव्या यंत्राचा ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला. गरज नव्हती. सकाळी सिम्युलेटर उघडेना, उघडलं तर पडदा काळा, पडदा आला तर विमान डावीकडे. आणि या वेळी ते पंख्याच्या झोताहूनही जास्त डावीकडे. वहिनींनी मला सांगितलं तेव्हा आतून गाणं गुणगुणण्याचा आवाज येत होता. लॉगबुकाची नवी वही दुपारीच आली.

तेव्हा एक विनंती. तुमच्या माळ्यावर तुटकी जॉयस्टिक, मोडका कीबोर्ड, काटा अडकलेलं कुठलंही यंत्र पडलेलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, आमच्याकडे आणून द्या. फक्त चालू स्थितीतलं काही आणू नका, आणि दार उघडायला वेळ लागला तर पुन्हा बेल वाजवू नका. ते फायनलवर असतील.