टेबलभाऊ

लातुरात पाण्याची टंचाई होऊन गेली, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण भाकितांची टंचाई इथं कधीच पडली नाही. मिरगाचा पाऊस कधी, सोयाबीन कुठवर चढणार, नीटचा कटऑफ किती लागणार, निलंग्यातून कोण निवडून येणार? विचारायचा अवकाश, रिक्षावालासुद्धा छातीठोक आकडा सांगतो. त्यात अलीकडे पाचव्या विषयाची भर पडली आहे: बीजीएमआय या मोबाईल गेमची फायनल कोण मारणार? हा विषय ज्याच्यावर सोपवून बाकीचे निर्धास्त असतात, तो टेबलभाऊ.

टेबल म्हणजे पॉइंट टेबल. त्याचं खरं नाव होस्टेलच्या रजिस्टरात असतं आणि फी थकली की तेवढ्यापुरतं बाहेर येतं. वय एकोणीस ते सव्वीस. नीटचा दुसरा किंवा तिसरा प्रयत्न, नाहीतर एमपीएससी, नाहीतर ‘सध्या एक-दोन ठिकाणी बोलणं चालू आहे’. तो स्वतः फारसा खेळत नाही. खेळला तर विमानातून उतरल्या उतरल्या मरतो आणि ‘मोबाईल तापला’ असं कारण देतो. पंचांग सांगणाऱ्याला मुंडावळ्या बांधता आल्याच पाहिजेत, असं थोडंच आहे?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एका सामन्यात सोळा संघ, प्रत्येकी चार गडी. चौसष्ट जण एका बेटावर विमानातून उड्या मारतात, बंदुका गोळा करतात आणि एकमेकांना टिपतात. नकाशावर एक वर्तुळ असतं, ते हळूहळू आवळत जातं; जो बाहेर राहील तो तिथंच संपतो. शेवटी उरेल त्या संघाला ‘चिकन डिनर’. माझ्या शेजारच्या होस्टेलातल्या टेबलभाऊनं हे मालकांच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, असं समजावलं होतं: “अप्पा, आपल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात का नाही? समजा एकेका रस्त्यानं एकेक टीम आली. आता गोलाईच आवळलालीय. आवळत आवळत मधल्या देवीच्या देवळाएवढी राहिली. शेवटी पायरीवर जो उभा, तो जिंकला.” अप्पांनी डोळे मिटून सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग एवढ्या जणांनी गाड्या कुठं लावल्या?”

मोठ्या स्पर्धेची फायनल तीन दिवस चालते. रोज सहा, एकूण १८ सामने. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, १ आणि आठव्यालाही १. वर टिपलेल्या प्रत्येक गड्यामागे एक. म्हणजे एकही चिकन डिनर न मिळवता, नुसता दुसरा-तिसरा येत आणि माणसं टिपत एखादा संघ करंडक नेऊ शकतो. टेबलभाऊला या खेळात बंदुकीपेक्षा हेच जास्त आवडतं. त्याच्या जीवशास्त्राच्या वहीत पुढून पेशीविभाजन असतं आणि मागून गुणतालिका. दोन्ही रोज एकेक पान सरकतात. एक दिवस मधोमध गाठ पडणार, हे तो सोडून सगळ्यांना दिसतं. पूर्वी पहिल्याला १५ आणि दुसऱ्याला १२ गुण होते. ते बदलले तेव्हा त्यानं जुन्या सगळ्या स्पर्धा नव्या हिशेबानं परत मांडल्या आणि दोन संघांवर अन्याय झाल्याचं जाहीर केलं. त्याच आठवड्यात त्याची भौतिकशास्त्राची टेस्ट होती. तिच्याबद्दल त्यानं काही जाहीर केलं नाही.

भाकिताची त्याची घडण शास्त्रशुद्ध असते. “सोल फॉर्मात आहे, पण झोन लागला पाहिजे.” सोल हा एक संघ. झोन म्हणजे ते आवळणारं वर्तुळ, ते कुठं सरकेल हे कुणाच्याच हातात नसतं. त्यामुळे सोल जिंकला तर भाऊ बरोबर आणि हरला तर झोन लागला नाही, म्हणजे परत भाऊच बरोबर. शिवाय वहीत ‘छुपे रुस्तम’ नावाची यादी असते. २०२१ची बीजीआयएस, म्हणजे याच खेळाची मोठी स्पर्धा, स्कायलाइट्झनं मारली आणि २०२३ची ग्लॅडिएटर्सनं, तेव्हा अर्धी खोली सोल आणि गॉडलाइक या संघांच्या नावानं कपाळावर हात मारून बसली होती. टेबलभाऊनं शांतपणे वही उघडून दाखवली. दोन्ही वर्षी विजेत्याचं नाव छुप्या रुस्तमांत होतं. यादीत सोळापैकी तेरा नावं होती, ही गोष्ट वेगळी.

गॉडलाइकच्या बाबतीत मात्र त्याचं शास्त्र डगमगतं. तो संघ उभा करणारा क्रॉन्टेन म्हणजे चेतन चांदगुडे, आपला मराठी माणूस. त्यामुळे गॉडलाइकला तो मनातून पहिला नंबर देतो आणि वहीत तिसरा. नात्यातल्या उमेदवाराला मत द्यावं, पण पैज लावू नये, हा आमच्या भागातला जुना नियमच आहे.

नांदेडचा टेबलभाऊ वेगळ्या पाण्याचा. लातूरवाला टक्केवारीत बोलतो, निगेटिव्ह मार्किंग धरून. नांदेडवाल्याला आकड्यांचं वावडं. श्रीनगर, आयटीआय चौक भागातल्या चहाच्या टपरीवर पाच-सहा जणांत मधोमध मोबाईल उभा करून तो मराठीत भाकीत करतो, हिंदीत भांडतो आणि चुकला की दखनीत समजूत घालतो. “सोल कामून नाही मारणार?” हा त्याचा पूर्ण युक्तिवाद. मॉर्टल या खेळाडूच्या सोलनं २०१९ साली हैदराबादेत राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ती आठवण पुरावा म्हणून कायम खिशात असते. २०२४च्या जून अखेरीला बीजीआयएसची फायनल पुन्हा हैदराबादेत, हायटेक्सला आली, तेव्हा त्या टपरीवरचा एक जण ऐन पेरणीत गावी जायचं सोडून सिकंदराबादच्या गाडीत बसला. ज्या हैदराबादेच्या राज्यातून सुटायला आजोबा लढले, तिथं नातू उभ्यानं, जनरल डब्यातून, स्वखुशीनं गेला. सोलचं नाव छातीवर लिहून गेला होता. जिंकला टीम एक्सस्पार्क. परतीच्या गाडीत त्यानं समोरच्या बाकावरच्या एका अनोळखी कुटुंबाला सोल का हरला हे समजावून सांगायला घेतलं. ते लोक मुदखेडला उतरले. त्यांना नांदेडला जायचं होतं, असं ऐकतो.

लातूरच्या भाऊची कीर्ती मात्र एका संध्याकाळीच शिगेला पोचली. होस्टेलचं वायफाय तळमजल्यावर, जिन्याखाली. बाकीची पोरं वरच्या मजल्यावर मोबाईलच्या डेटावर फायनल बघत होती. भाऊ ‘वर लई गर्मी आहे’ म्हणून जिन्याच्या खालच्या पायरीवर राउटरच्या अंगाला टेकून बसला आणि तिथून ओरडायला लागला: “आता डाव्या टेकडीवरून धूर सोडणार बघा!” वर वीसेक सेकंदांनी धूर. “हा गाडी घेऊन निघालाय, मरतोय आता!” गाडी निघाली, माणूस मेला. पहिल्या सामन्याला पोरं हसली, दुसऱ्याला गप्प झाली, तिसऱ्याला एकानं खाली येऊन “भाऊ, माझं फिजिक्स निघंल का?” असं हळूच विचारलं. पाचव्या सामन्याच्या वेळी अकरावीतलं एक पोरगं बाटली घेऊन जारचं पाणी भरायला खाली आलं. त्यानं भाऊच्या मोबाईलकडे बघितलं, स्वतःच्या मोबाईलकडे बघितलं, बाटली भरून वाहू लागली तरी बघत राहिलं. कुणाला काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सामना सुरू व्हायच्या आधीच ते त्या पायरीवर उशी घेऊन बसलेलं होतं. भाऊला वर जावं लागलं. खालून आता नव्या महाराजांची वाणी येऊ लागली. “नेट पुढं-मागं असतंच रे,” भाऊ म्हणाला, “बघायला नजर लागते.”

एकदाच त्याला खरा धक्का बसला. २८ जुलै २०२२ रोजी गेमच ॲप स्टोअरवरून गायब झाला. सोळाच्या सोळा संघ एकदम बाद. असा झोन कुठल्याही वहीत नव्हता. मग पुढचे दहा महिने त्यानं गेम कधी परत येणार याची भाकितं केली. दर आठवड्याला ‘आतली बातमी’ असायची. २०२३च्या मे महिन्यात गेम खरंच परत आला आणि भाऊ म्हणाला, “मी म्हणलो नव्हतो?” म्हणाला होता, हे मान्यच करावं लागतं. चाळीसेक वेळा म्हणाला होता.

२०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत कायदा झाला: पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता. भाऊनं गावी फोन लावला. “पप्पा, सरकारनं खेळ मान्य केलाय.” पलीकडून उत्तर आलं, “खेळ मान्य झाला. तू कुठं मान्य झालास?” पैशांच्या पैजा या मंडळींत आधीही नव्हत्या, कारण पैसे नव्हते. पैज लागते ती निलंगा राईसच्या प्लेटवर. संध्याकाळी गाड्यासमोर उभं राहून, वाफाळत्या तिखट भाताचा घास गालात इकडून तिकडं फिरवत, हरलेला भाऊ जिंकलेल्याला सांगतो की तू जिंकलास ते चुकीच्या कारणानं. मला तर वाटतं, एवढं स्वस्त भाकीत या मुलखात दुसरं नाही. पावसाचं चुकलं तर दुबार पेरणी, कटऑफचं चुकलं तर घरच्यांचं एक वर्ष आणि लाखभर रुपये. याचं चुकलं तर एक प्लेट. म्हणूनच की काय, लातुरातले बाकीचे सगळे ज्योतिषी कपाळाला आठ्या घालून बोलतात आणि हा एकटा हसत बोलतो.

पण कीर्ती पसरत जाते. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याचे चुलते मार्केट यार्डात सोयाबीन घेऊन आले. हमीभाव ५,३२८ रुपये आणि सौदा निघाला तो त्याच्या पुष्कळ खाली. आडत्यानं चहा पाजला, अंदाज काही सांगितला नाही. चुलते तसेच होस्टेलवर आले. “बाबा, तू एवढे आकडे मांडतोस. थांबू का विकू?”

भाऊनं नवीन पान काढलं. लातूर, उदगीर, नांदेड, हिंगोली असे रकाने पाडले, बराच वेळ पेन दातात धरला आणि म्हणाला, “काका, पहिल्या दिवशी घाई करणारा टॉपला राहत नसतो. कडंकडंनं चला. झोन आपल्याकडं येलालाय.”

काकांनी वीस पोत्यांतली दोन विकली आणि अठरा परत टेम्पोत चढवली. टेम्पोवाल्यानं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “पोरगं शिकलेलं आहे. अजून अठरा मॅच बाकी आहेत म्हणतंय.”