नखाच्या सवडीने

७ मे २०२४ ला आम्ही दिघीकरांनी लोकसभेसाठी मतदान केलं आणि ७ सप्टेंबरला घरोघर गणपती बसले. मधले चार महिने मला पंचांगाने नव्हे, डाव्या तर्जनीने मोजून दिले. मतदान केंद्रावरच्या बाईंनी नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची ठसठशीत रेघ ओढली होती. कातडीवरची रेघ पाऊस सुरू व्हायच्या आत गेली. नखावरची हटेना. साबण झाला, लिंबू झालं, राखुंडी झाली, ती आपली तिथेच. मग लक्षात आलं की ती खालून आखूड होतेय. मुळाशी कोरं गुलाबी नख उगवत होतं आणि शाईला पुढे रेटत होतं. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात वाजंत्री वाजली तोवर शाई पार कडेला गेली होती. गणपतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिची शेवटची चकती नेलकटरने उडवली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी नखं काढणं आमच्या घरात अजून दखलपात्र गुन्हा आहे.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. माझ्या तर्जनीचं नख १२ मिलिमीटरचं. हिशेब चोख जुळला. मतदानाची ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते नखात मुरतं आणि नख पुढे सरकेपर्यंत जात नाही. त्या दिवशी राज्यातल्या ११ मतदारसंघांत लाखो बोटांवर एकाच वेळी खूण झाली. एवढा मोठा वैद्यकीय प्रयोग फुकटात जमून आला होता, पण निकाल जाहीर झाला तो फक्त मतांचा. बोटांकडे कुणी पाहिलं नाही.

एका माणसाने पाहिलं होतं, पण तो आपल्या मतदार यादीत नव्हता. अमेरिकेत आयोवाला विल्यम बीन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने बारीक खूण करायची, ती टोकाला पोचेपर्यंत दिवस मोजायचे आणि पुन्हा खूण करायची, असा उद्योग पस्तीस वर्षं केला. १९८० साली त्यावर लेख लिहिला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. पस्तीस वर्षांत निघालेला निष्कर्ष एवढाच, की म्हातारपणी नखही दमतं. यासाठी ना प्रयोगशाळा लागली ना अनुदान. लागली ती एक कानस आणि बायकोची सहनशक्ती.

आपल्याकडे याहून मोठा प्रयोग पुण्यात झाला, तोही भांडणातून. श्रीधर चिल्लाळ शाळेत असताना त्यांच्या हातून एका शिक्षकांचं जपून वाढवलेलं नख मोडलं. मास्तर बरसले; एवढं नख सांभाळायला काय लागतं ते तुला कळायचं नाही, असा त्यांचा सूर होता. चौदा वर्षांच्या मुलाने ते मनावर घेतलं आणि १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं. ती कापली थेट जुलै २०१८ मध्ये, न्यूयॉर्कला, विजेवर फिरणाऱ्या पातीने. पाचही नखांची मिळून लांबी भरली ९०९.६ सेंटिमीटर, एकट्या अंगठ्याचं नख १९७.८. सासष्ट वर्षांत १९७.८ सेंटिमीटर म्हणजे दिवसाला ०.०८ मिलिमीटरच्या आसपास. बीनसाहेबांच्या अंगठ्यापेक्षा पुण्याचा अंगठा जरा निवांत चालला, असं म्हणावं लागेल. पुण्याची ख्याती पाहता याचं कुणाला नवल वाटायचं कारण नाही. गंमत सोडली तर त्या हाताची बोटं कायमची आखडली. मास्तरांचं एक वाक्य चिल्लाळांना चांगलंच महाग पडलं.

नख हे तलाठ्याच्या दप्तरासारखं आहे. घडलेलं सगळं त्यात नोंदलं जातं, पण सवडीने. आपण नख म्हणतो तो भाग मेलेला; जिवंत कारखाना कातडीखाली. अंगठ्याच्या बुडाशी पांढरी चंद्रकोर दिसते ती त्या कारखान्याचीच पुढची कड. तिथे आज काही बिघडलं तर ते बाहेर दिसायला काही आठवडे जातात. जोसेफ बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ साली हे नीट लिहून ठेवलं. मोठा ताप येऊन गेला की कारखाना काही दिवस बंद पडतो आणि नखांवर आडवी खाच उमटते. आमच्या शेजारच्या वहिनींच्या दहाही बोटांवर दिवाळीत अशा खाचा दिसल्या. घरात लगेच दृष्ट काढायची तयारी झाली. खाच मुळापासून मोजली तर ९ मिलिमीटर वर होती. ९ भागिले ३ म्हणजे तीन महिने, म्हणजे श्रावण. श्रावणात वहिनींना डेंग्यू झाला होता. दृष्ट तरीही काढली गेली, कारण मिरच्या आणून ठेवल्या होत्या.

पांढऱ्या ठिपक्यांचंही तेच. नखावर पांढरा ठिपका दिसला की फेरीबोटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा ‘कॅल्शियम कमी आहे’ असं निदान करतो. अगरदांडा ते दिघी एवढ्या अंतरात मला हे निदान, त्यावरचा उपाय आणि गोळ्यांचा ब्रँड, सगळं मिळालेलं आहे. वास्तविक नखाचा कडकपणा कॅल्शियमचा नसतोच, तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा. ते ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाला केव्हातरी बसलेल्या लहानसहान माराचे असतात. लहानपणी खाडीवरून बगळ्यांची माळ निघाली की आम्ही सगळी पोरं दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत बगळ्यांकडे फुलं मागायचो. काही दिवसांनी नखावर पांढरं फूल उमटायचं आणि बगळ्यावरचा विश्वास वाढायचा. इतक्या जोमाने घासल्यावर एखादं फूल न उमटतं तरच नवल! बगळ्याचा संबंध नव्हता, घासण्याचा असावा. हल्ली तीच पोरं साठीला आली आहेत आणि जेटीवर बसून पुन्हा नखांवर नखं घासतात, या वेळी डोक्यावर केस यावेत म्हणून. बगळा निदान मागितलेलं द्यायचा.

जुन्या ग्रंथांत नखांचे दोन सल्ले सापडतात आणि दोन्हींची तोंडं दोन दिशांना आहेत. मनुस्मृती म्हणते, सोनं चोरणाऱ्याला पुढच्या जन्मी खराब नखं मिळतात. हा नियम लावला तर पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावरचे पाय पाहून, मागच्या जन्मी जंजिऱ्याचा अख्खा खजिना आम्हीच वाटून घेतला असावा असा संशय येईल. इथून जवळच, दिवेआगरला, २४ मार्च २०१२ रोजी सुवर्णगणेशाची खरीच चोरी झाली. तीत दोन राखणदारांचे प्राण गेले. ते पाप पुढच्या जन्मीच्या नखांवर सोडण्याजोगं नव्हतं. शिक्षा कोर्टाने याच जन्मी दिली. सुश्रुताने मात्र नखाच्या बाबतीत पापपुण्य काढलंच नाही. नख मार लागल्याने काळं, रुक्ष, खरखरीत होतं, त्याला तो कुनख म्हणतो. आणि नखाच्या कडेचं मांस सुजून पिकतं त्याला चिप्प. एकाने रोग्याचा मागचा जन्म तपासला, दुसऱ्याने बोट. औषधाला कुणाकडे जावं हे सांगायला नको.

सुश्रुताचं चिप्प म्हणजे आपलं नखुर्डं. ते पाहायचं तर सकाळी होड्या लागल्यावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात पाहावेत. एक मावशी बसल्या होत्या. डाव्या हातात कोळंबी, उजव्याने डोकं मोडलं, अंगठ्याच्या नखाने पाठ उघडली, काळा दोरा ओढला, साल टोपलीबाहेर, गर पातेल्यात. मी हे वाक्य लिहीपर्यंत त्यांच्या पाच झाल्या असत्या. हात बर्फाच्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात, कोळंबीच्या डोक्यावरचा काटा अधूनमधून नखाच्या बुडाशी टोचतो. नख आणि कातडी यांना जोडणारी जी पातळ पापुद्र्याची कड असते ती त्यांच्या तीन बोटांना उरलीच नव्हती. बुडाशी मांस सुजून गोल झालं होतं, नखं लाटा उठल्यासारखी.

अचानक ठणकणारं, पू झालेलं नखुर्डं वेगळं. त्यावर लिंबाला भोक पाडून बोट आत घालायचा उपाय आमच्याकडे घरोघर आहे. लिंबू घाला की गरम पाण्यात बोट बुडवा, पू बाहेर निघाल्याशिवाय ठणका थांबत नाही. मावशींचं दुखणं मात्र महिनोन्‌महिन्यांचं. या जुनाट नखुर्ड्याला डॉक्टरमंडळी बरीच वर्षं बुरशीचा रोग समजत होती, कारण तपासलं की बुरशी सापडायची. २००२ साली अँटोनेला टोस्टी या इटालियन त्वचारोगतज्ज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांनी काही रोग्यांना बुरशीच्या गोळ्या आणि काहींना सूज उतरवणारं स्टेरॉइडचं मलम देऊन पाहिलं. मलमवाले जास्त सुधारले. म्हणजे बुरशी ही नंतर आलेली पाहुणी; खरं दुखणं पाण्याचं आणि त्याने चिडलेल्या कातडीचं. निदान एवढं पुढे गेलं, उपाय फिरून तिथेच आला: मलम लावा आणि हात कोरडे ठेवा. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

“डाक्टर, हात पान्यान नाय घालाचा त खायाचा काय?”

यावर कुठल्या मासिकात लेख आलेला नाही. तडजोड म्हणून आत सुती आणि वर रबरी असे हातमोजे ठरले. ते घातले की कोळंबी हाताला कळत नाही अशी तक्रार आली. मलम त्या रोज रात्री लावतात, आणि हातमोजे नातू विकेटकीपिंगला वापरतो.

नखांवरून हृदयापर्यंत पोचता येतं, हेही इथे सांगून टाकतो. बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकणं हे हिपोक्रेटिसच्या काळापासून ठाऊक आहे. फुप्फुसं किंवा हृदय यांच्या काही आजारांत तसं होतं. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शामरोथ यांना स्वतःलाच हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झाला आणि ते आपलीच बोटं निरखत बसले. १९७६ साली त्यांनी साधी युक्ती छापली: दोन्ही हातांची एकाच नावाची बोटं नखाला नख लावून पाठमोरी जोडायची. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली की ठीक. ती बुजली असेल तर दाखवून घ्यावं. (बोटं जोडून झाली असतील तर पुढे वाचावं.) नखावर उभी काळी पट्टी नव्याने आली, रुंद होत चालली, तर तीही दाखवून घ्यावी. सावळ्या कातडीत अशा पट्ट्या पुष्कळदा निरुपद्रवी असतात, पण क्वचित तो कर्करोग असतो. नांगराच्या दोरखंडात बोट सापडून नख काळं झालं असेल तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो. पट्टी मुळाला धरून राहते. इथेही वाट पाहणाराच ओळखतो, पण पट्टीच्या बाबतीत वाट डॉक्टरने पाहिलेली बरी.

राहता राहिली पायाची नखं. आमचा थोरला चुलतभाऊ, सगळ्यांचा दादा, रोह्याला कारखान्यात आहे. त्याचे वडील आयुष्यभर सुपारीच्या वाडीत अनवाणी फिरले, नखांना कधी काही झालं नाही. दादाचे पाय दिवसभर बंद बुटात, घामात. अंगठ्याचं नख आधी पिवळं पडलं, मग जाड झालं, मग चुना पडावा तसं भुगाभुगा. त्याने दुकानातून एक ट्यूब आणली, मग दुसरी आणली. अशा ट्यूबांनी देशात काय केलंय ते पाहण्यासारखं आहे: औषधाला न जुमानणारी नायट्याची एक नवी बुरशी २०२० साली वेगळी ओळखली गेली, ती भारत आणि नेपाळमधल्या रोग्यांवरून, तिचं नावच इंडोटिनी. नावात देश आला म्हणून अभिमान बाळगावा की काय, ते ज्याने त्याने ठरवावं.

डॉक्टरांनी दादाच्या ट्यूबा बाजूला ठेवल्या आणि नखाचा तुकडा कापून तपासायला पाठवला. दिसायला बिघडलेल्या नखांपैकी जवळजवळ निम्मी बुरशीची नसतातच. कुठे सोरायसिस असतो, कुठे नुसता बुटाचा मार. दादाची बुरशीच निघाली. रक्त तपासून टर्बिनाफिनच्या गोळ्या लिहून दिल्या. हाताच्या नखाला सहा आठवडे, पायाच्या नखाला बारा. दादाला हे मानवलं. बारा आठवडे म्हणजे तीन महिने, आता मार्गशीर्ष चालू आहे, आणि त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात. त्याने विचारलं, “म्हणजे वैशाखापर्यंत नख एकदम साफ?”

डॉक्टरांनी समजावलं, की गोळ्या बारा आठवड्यांत संपतील, पण बुरशी मेली म्हणून खराब झालेलं नख सुधारत नाही. मुळापासून नवं नख यायचं आहे, आणि पायाचं नख हाताच्या निम्म्या वेगाने वाढतं. मग त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि विचारलं, “लग्न कुठल्या वैशाखात? येत्या, की त्याच्या पुढच्या?”